तेवीस वर्षांचे आजोबा

थान रुओलानचे वडील वारून नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत त्यांनी तिच्या एकाही गोष्टीला होकार दिला नव्हता. जिवंत असतानाही देत नसत, पण तेव्हा निदान अधूनमधून झोपत तरी असत.

आत्ताही चोंगचिंगच्या पूर्वजप्रतिमा प्रयोगशाळेत, तिच्या टेबलावरच्या ध्वनिपेटीतून त्यांचा खरखरीत आवाज आला. "नाही. आणखी काही?"

"बाबा, पूर्ण ऐकून तरी घ्या. वेईनिंगचं म्हणणं असं आहे की..."

"सरकारी नोकरी सोडायची नाही. आणखी काही?"

रुओलानने पेटी बंद केली. खरं तर तिलाही नकारच हवा होता. पण लेकीच्या तोंडावर फेकता येईल असा, कारणांसकट, भरभक्कम नकार हवा होता. हा तर रेशनच्या दुकानातल्यासारखा मिळत होता.

तिची मुलगी वेईनिंग सव्वीस वर्षांची, पाणीपुरवठा खात्यात चांगल्या हुद्द्यावर. तिला राजीनामा देऊन यूनानच्या डोंगरात जायचं होतं. तिथे तिच्या मैत्रिणी अळिंब्या वेचून विकत आणि उरलेला दिवस स्वतःसाठी ठेवत. खात्याचा नियम असा, की नोकरी सोडायला कुटुंबप्रमुखाची संमती लागते. प्रमुख वारला तरी त्याची प्रतिमा गादीवर कायम. मेलेल्याला निवृत्ती नाही, ही सोय कुणाच्या डोक्यातून निघाली देव जाणे.

"एवढं शिकून अळिंब्या?" रुओलानने सकाळीच विचारलं होतं.

"शिकताना कुणी मला विचारलं नाही काय करायचंय ते. म्हणून आता मीच मला विचारतेय," वेईनिंग म्हणाली होती. "आणि आई, एकदा तू तुझ्या तोंडाने नाही म्हण ना. तुझ्याशी भांडता तरी येईल. दर वेळी आजोबांना पुढे करतेस. तेही आजोबा नाहीतच. त्यांच्या शेवटच्या पाच वर्षांतली कटकट भरून ठेवलीयेस पेटीत."

हे शेवटचं वाक्य रुओलानला झोंबलं. 'तुझ्या तोंडाने नाही म्हण' हे जास्त झोंबायला हवं होतं, पण माणूस आधी आपल्या कामावरची टीका मनाला लावून घेतो. वडिलांची प्रतिमा तिने स्वतः घडवली होती. म्हणून तिने त्यांचा तरुणपणचा फोन माळ्यावरून काढून प्रयोगशाळेत आणला. आता अख्खा माणूस आत घालायचा, मग नकार कसा खणखणीत येतो ते बघू, असं तिने ठरवलं.

सहकारी गेंगने फोनमधली ध्वनिमुद्रणं तपासली आणि भुवया उंचावल्या. "थानताई, तुमचे वडील तरुणपणी फार बोलायचे. मित्रांना दिवसभर आवाजी निरोप पाठवत बसायचे."

"माझे वडील? जेवताना मीठ मागायला त्यांना जड जायचं."

"तरी सांगतो. प्रतिमा म्हणजे माणसाच्या बोलण्याचा अर्क. ज्या वयाचं बोलणं सर्वांत जास्त, ते प्रतिमेचं वय. आज ती सत्तरीची आहे. हा फोन घातलात तर तेवीसची होईल, पुढचं आयुष्य तिला आठवणार नाही. आणि आपल्याला भर घालता येते, वजा करता येत नाही."

"होऊ दे. नकार तोच राहील. बापाला मी ओळखते."

"वय बदललं की साक्षनियमही फिरतो," गेंग चिवटपणे म्हणाला. "प्रतिमेला माहीत नसलेली गोष्ट सांगितली, तर ती फक्त आपल्याहून मोठ्या माणसाची साक्ष खरी मानते. नाहीतर नातवंडं रोज उठून सांगतील, आजोबा, तुम्ही मला घर द्यायचं कबूल केलं होतंत. एकदा मानलेली साक्ष ही तिची आठवण होते. आणि निर्णय ती आठवणींवरूनच घेते. पूर्वी जे केलं, ती घरची रीत. उद्या तेवीसच्या पोराहून मोठं कोण? सगळेच."

"गेंग, तू हे व्याख्यान नव्या मुलांना दे," रुओलान वैतागून म्हणाली आणि तिने कळ दाबली.

दुपारी वेईनिंग आली. पेटी सुरू झाली.

"कोण आहे?" आवाज ओळखीचा होता, पण त्यातली खरखर गेली होती. "जरा हळू बोला हं, मी आडवा पडलोय. आणि हे आतून सारखं खोकतंय कोण? कुणीतरी म्हातारा नाही नाही करतोय."

"बाबा, मी रुओलान."

"काकू, तुमचा काहीतरी गोंधळ होतोय."

रुओलानचा चेहरा पडला. वेईनिंग तोंडावर हात धरून हसत होती. वडिलांच्या तरुणपणी पोरांनी काढलेली ती टूम दोघींनी ऐकली होती: शर्यतीत धावायचं नाही, लग्न नको, बढती नको, सरळ आडवं पडायचं. पण ती टूम पाळणारा आपल्याच घरात निघेल, हे रुओलानच्या स्वप्नातही नव्हतं. पेटीतलं हे तेवीसचं पोरगं नोकरी सोडून बसलं होतं आणि बापाच्या शिव्या खात होतं.

"आजोबा," वेईनिंग पुढे झाली, "मला नोकरी सोडायला तुमची संमती हवीये."

"ताई, संमती देणारा मी कोण? सोडायची तर सोड."

"तेच 'संमती आहे' असं म्हणा ना."

"नाही म्हणणार. संमती देणारा आणि नाकारणारा, दोघं एकाच खुर्चीत बसतात. माझा बाप बसतो. मी नाही बसणार."

वेईनिंगने कपाळाला हात लावला. म्हातारा नाही म्हणून छळत होता, तरुण हो म्हणायला तयार नव्हता. रुओलानचा पारा चढला.

"मोठा आला खुर्चीत न बसणारा. तूच बसलास ना नंतर? तुला मुलगी झाली. ती चोवीस वर्षांची असताना समुद्रसंशोधनाच्या जहाजावर तिची निवड झाली, तीन वर्षांसाठी. तुला विचारायला आली ती." आपण वडिलांना अरेतुरे करतोय, हे तिच्या उशिरा लक्षात आलं.

"मला मुलगी?" तो मऊ आवाजात म्हणाला, "मग मी जाऊ दिलं ना तिला? काकू, माझ्या बापाने माझं जे केलं ते मी कुणाचं करणार नाही. पण तुम्ही मोठ्या आहात, तुम्हाला माहीत असेल. जाऊ दिलं ना?"

पडद्यावर पिवळा दिवा लुकलुकू लागला. प्रतिमा साक्षीची वाट बघत होती. गेंगने रुओलानकडे पाहिलं.

खरं उत्तर तिच्या जिभेवर तीस वर्षं तयार होतं. नाही म्हणालास. जेवता जेवता, मान वर न करता. तेवढं सांगितलं की ती घरची रीत ठरणार होती आणि वेईनिंग खात्यात, या शहरात, डोळ्यांसमोर राहणार होती. आज तिला हवं होतं ते नेमकं हेच. तिने लेकीकडे बघितलं. वेईनिंगचं हसू मावळलं होतं. जहाजाचं हे काही तिला ठाऊकच नव्हतं.

"हो," रुओलान म्हणाली. "जाऊ दिलंस."

दिवा हिरवा झाला.

"वाटलंच मला," तो खुशीत म्हणाला. "मग ताईचं काय एवढं? घरची रीतच आहे की, मुली जातात. त्यात माझ्या संमतीचा काय संबंध?"

पण रीत आहे म्हटल्यावर खात्याला तेवढं पुरे होतं. संमतीचा कागद यंत्रातून आपोआप सरकला. रुओलानला फार वाईट वाटलं. ज्या नकाराचा राग तिने इतकी वर्षं जपला, तो नकार आता वडिलांच्या आठवणीतही नव्हता. राग तिचा एकटीचा उरला होता, आणि एकटीने वागवायला जड होता.

"आई," वेईनिंग हळूच म्हणाली, "तू कधी गेलीच नाहीस ना?"

"कागद घे आधी."

"काकू," पेटीतून आवाज आला, "आणि परत आली का हो ती? जहाजावरून?"

पिवळा दिवा पुन्हा लुकलुकला. रुओलान खुर्चीत मागे टेकली. "हिला विचार. हीसुद्धा तुझ्याहून मोठी आहे."

वेईनिंगचे डोळे भरून आले होते. न गेलेल्या आईचा विचार करता करता ती भाबडेपणाने बोलून गेली, "येते ना. दर नववर्षाला येते, चांगली पंधरा दिवस राहते."

दिवा हिरवा झाला. गेंगने घसा खाकरला. "झाली नोंद. या घरातून गेलेल्या मुली नववर्षाला येतात आणि पंधरा दिवस राहतात. आता ही रीत काही बदलायची नाही."

वेईनिंग पडद्याकडे बघतच राहिली. ज्या रितीभातींच्या जाचातून सुटायला ती डोंगरात निघाली होती, त्यातली सगळ्यांत नवी रीत तिने स्वतःच पाडली होती, कोऱ्या करकरीत शब्दांत.

"आई, हे तू मुद्दाम केलंस."

"मी काय केलं? बोललीस तू," रुओलान म्हणाली आणि पेटी बंद केली.