एकोणीस वायडेनाख

सातपूरच्या कारखान्यात माझं काम तसं कंटाळवाणंच होतं. जर्मनीहून मशीन यायची, तिच्यासोबत तीन-चार जाडजूड पुस्तकं यायची. त्यांचा इंग्रजी तर्जुमा करायचा आणि कामगारांना लागतील ती पानं मराठीत करून भिंतीवर लावायची, ही माझी नोकरी. पुण्यात कारकुनी करताना संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकलो तेव्हा आमच्याच वस्तीतले लोक हसले होते. पुढे त्याच जर्मनने मला नाशिकला आणलं आणि इंदिरानगरात दोन खोल्या दिल्या. मुलगी मंगला सहा वर्षांची असताना बायको गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकताना माझं नाव तुमच्या लक्षात राहायला हवं. सहादू भिकन पगारे.

१९७६ साली मशीन बसवायला आलेला एक जर्मन इंजिनीयर कॅन्टीनमध्ये एका फिटरच्या छातीवरचा बिल्ला वाचून जागीच थांबला. फिटरचं नाव शांतवन वायडेनाख. शरणपूरच्या जुन्या मिशन वस्तीतला ख्रिस्ती मुलगा, बावीस वर्षांचा, हसतमुख. आम्हाला त्या आडनावाचं काही वाटत नव्हतं. बोलायला अवघड म्हणून सगळे त्याला शांतवनच म्हणायचे. इंजिनीयर मात्र मला म्हणाला, हे नाव आमच्या देशातसुद्धा कुणाचं नसतं. त्याने ते घरी कळवलं असावं, कारण तीन महिन्यांनी शांतवनच्या नावाने जर्मनीहून पत्र आलं आणि ते वाचून दाखवायला अर्थात माझ्याकडे आलं.

लिहिणारा योआखिम वायडेनाख नावाचा म्हातारा होता. आयुष्यभर जमिनींची मोजणी केली आणि निवृत्त झाल्यावर स्वतःच्या आडनावाची मोजणी काढली. वायडेनाख हे एका नदीकाठच्या गावाचं नाव होतं. तीनशे वर्षांपूर्वी लढाईत ते गाव जळालं. जे वाचले त्यांनी गावाचं नाव लावलं आणि ते चहूकडे पांगले. आपल्याकडे गावाच्या नावापुढे ‘कर’ लावतात तसाच प्रकार. वाचलेले होते एकोणीस. त्यानंतर ज्या ज्या पिढीत कुणी मोजदाद केली, त्या त्या पिढीत एकोणीसच भरले. पुढे त्याने लिहिलं होतं, ‘गेली अकरा वर्षं मला सतराच सापडत होते. ते दोन कुठे आहेत, या विचाराने मला झोप लागत नसे. आता समजलं.’

दोन म्हणजे शांतवन आणि त्याची विधवा आई सुलाबाई. मी ते पत्र त्यांच्या ओट्यावर बसून वाचलं. सुलाबाई मेथी निवडत होत्या.

“आमच्याकडं हे नाव आलं कसं, ते लिवा त्यांना,” त्या म्हणाल्या. “माझे आजेसासरे दुष्काळात मिशनमधी आले. बारकं पोर. तापात होते, स्वतःचं नाव बी सांगता येईना. पाद्रीसायबानं आपलंच नाव लिहून टाकलं कागदावर.”

“आणि साहेब?”

“त्याचा बारका त्याच दिवशी पटकीनं गेला. लोकं म्हणाली, देवानं एक नेलं, एक दिलं.”

मी ते जसंच्या तसं लिहून पाठवलं. चांगली गोष्ट आहे एवढंच तेव्हा वाटलं.

पत्रव्यवहाराच्या निमित्ताने शांतवन आमच्याकडे येऊ लागला आणि मंगलाने त्याच्याशी लग्न करायचं ठरवलं. ती नर्सिंगचा कोर्स नुकताच संपवून सरकारी दवाखान्यात लागली होती. मी बौद्ध, तो ख्रिस्ती. माझी चार माणसं बोलली, त्याचीही चार बोलली. मीही महिनाभर कुरकुरलो. पण मुलगा सरळ होता आणि मला भांडायची हौस उरली नव्हती. मे १९७८ मध्ये नोंदणी पद्धतीने लग्न झालं आणि रीतीप्रमाणे ती मंगला शांतवन वायडेनाख झाली. मी म्हाताऱ्याला कळवलं. त्याचं अभिनंदनाचं पत्र आलं. शेवटी एक ओळ होती. कॅनडातला एक वायडेनाख, वय चौतीस, सुतार, छपरावरून पडून वारला. तारीख लग्नाचीच होती. ‘म्हणजे आपण पुन्हा एकोणीसच,’ असं त्याने लिहिलं होतं. समाधानानं लिहिल्यासारखं वाटलं.

योगायोग असतात. एका मापाचे हजार नट तपासले तर दोनवर सारखाच ओरखडा सापडतो, त्याचं आम्ही काही मनावर घेत नाही.

जानेवारी १९८० मध्ये सुलाबाई गेल्या. सकाळी नऊला वाटाणे सोलता सोलता बसल्या जागी मान टाकली. आजारी नव्हत्या. तीन आठवड्यांनी पत्र आलं. जर्मनीतल्या कील शहरातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई वायडेनाखना मुलगी झाली होती. तारीख तीच. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांचा फरक मी धरला, तर वेळही तीच निघाली.

त्या रविवारी मी आतापर्यंतची सगळी पत्रं काढली आणि एका जुन्या ड्रॉइंगच्या पाठीवर दोन रकाने आखले. आलेले आणि गेलेले. सात जण आले होते, सात गेले होते, तारखेला तारीख लागत होती. वय बघून कुणी जात नव्हतं. एक बाई एक्क्याऐंशीची होती, एक मुलगा नऊ वर्षांचा. मी तो कागद घडी घालून ठेवून दिला. कुणाला काय सांगणार?

पुढच्या वर्षी जूनमध्ये मंगलाने सांगितलं, फेब्रुवारीत बाळ होणार. मी आनंदाने हसलो, आणि हसतानाच तो घडी घातलेला कागद आठवला. बाळ आलं की एकोणिसातलं कुणीतरी जाणार. त्या एकोणिसात माझी मुलगी होती, आणि तिचा नवराही. एकोणिसात दोन. कारखान्यात एवढ्या धोक्याला आम्ही मशीन चालू करू देत नाही.

उपाय मला सुचला आणि मी माझ्यावर खूश झालो. नावच काढून टाकायचं. नोकरीतले कागद आणि शाळेचा दाखला जुळत नाहीत, पुढे पेन्शनला त्रास होईल, असं काहीतरी मंगलाला पटवलं. राजपत्रात नाव बदलून ती परत मंगला सहादू पगारे झाली. शांतवनला म्हटलं, बाळाचंही पगारेच लावू.

“लावा की, मामा,” तो म्हणाला. “नाही तरी माझं कुणाला बोलता येत नाही.”

चुकून बाळाला वायडेनाख लागलंच, तरी एक जागा रिकामी झाली होती. बाळ त्या जागेवर बसेल, कुणी मरायचं कारण नाही. असा माझा हिशोब. राजपत्र निघालं ते ऑक्टोबरच्या शेवटच्या गुरुवारी.

सोमवारी गेटवर हजेरीवाला गेणू म्हणाला, “वायडेनाख सायेब, कार्ड उलटं घातलं तुमी.”

मी म्हटलं, “मी पगारे. वायडेनाख फिटिंगमध्ये.”

त्याने कार्ड काढून माझ्या हातात दिलं. कार्डावर टाइप केलेलं होतं, वायडेनाख एस. बी. मला वाटलं, जावयाचं आणि माझं कार्ड बदललं. मग विजेचं बिल आलं. मग रेशनकार्ड पाहिलं. प्रत्येक वेळी मी काहीतरी कारण शोधून काढत होतो आणि त्याचाच थकवा येत होता. शेवटी पेटी उघडून मॅट्रिकचं सर्टिफिकेट काढलं. १९४९ सालचं. तीस-बत्तीस वर्षं चार घड्यांत राहिलेलं. घडीची भेग बरोबर आडनावातून गेली होती. भेगेच्या एका बाजूला ‘वायडे’, दुसऱ्या बाजूला ‘नाख’. शाई बाकीच्या अक्षरांइतकीच विटलेली होती.

मंगलाला विचारलं तेव्हा ती पोळ्या लाटत होती. सातवा महिना लागायचा होता.

“आपलं आडनाव काय होतं गं, तुझ्या लग्नाआधी?”

“असं काय विचारता, बाबा? वायडेनाखच की. भावकीत लग्न म्हणून लोक किती बोलले. विसरलात?”

“आणि पगारे?”

“ते तुम्हीच सुचवलंत. कुठून आणलंत कुणास ठाऊक, पण मला आवडलं.”

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. माझा बाप भिकन पगारे. त्याने रस्त्यावर खडी फोडून मला शाळेत घातलं. त्याचं नाव आता फक्त माझ्या डोक्यात होतं. मला रडू आलं, ते कुणी पाहिलं नाही. मग मी डोळे पुसले आणि स्वतःला विचारलं, पोरगी सुटली ना? सुटली होती. तिची जागा भरायला सर्वांत जवळचा माणूस मी होतो, तो घेतला गेला. ठीक आहे, म्हटलं. आता जायचंच असेल तर मी आहे.

अकरा फेब्रुवारीला सकाळी दहा वाजता मुलगा झाला. दवाखान्यातल्या कारकुनाने विचारलं, बापाचं नाव? शांतवनने सांगितलं. आपल्याकडे बापाचं नाव सांगितलं की पोराचं आडनाव वेगळं विचारत नाहीत. कारकुनाने पूर्ण लिहून शिक्का मारला. शांतवन कपाळाला हात लावून माझ्याकडे आला. “राहिलंच, मामा,” म्हणाला.

वीस झाले होते. मी बाकावर बसून वाट पाहिली. शांतवन चहा आणायला गेला, त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. तो दोन कप घेऊन परत आला. मंगला झोपली होती, श्वास नीट चालला होता. संध्याकाळपर्यंत मलाही काही झालं नाही.

मार्चमध्ये जर्मनीहून वकिलाचं पत्र आलं. योआखिम वायडेनाख अकरा फेब्रुवारीला पहाटे वारले. आपल्या कुळाची नोंदवही त्यांनी ‘नाशिकच्या श्री. सहादू वायडेनाख यांच्याकडे’ देण्यास सांगितलं आहे. ती बोटीने पाठवत आहोत.

मेमध्ये कीलच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं. आनंदाचं. दुसरं मूल ऑक्टोबरमध्ये.

मी मनाशी म्हटलं, मी एक्कावन्नचा. पुरे झालं. यावेळी मीच.

वही जून संपताना आली. चामडी बांधणीची, पोस्टाच्या पिशवीत दमट झालेली. पानांवर पाच रकाने. तारीख, आलेला, गेलेला, जाणाऱ्याचं वय, एकूण. सुरुवातीची अक्षरं मला लागेनात, शेवटची पानं म्हाताऱ्याच्या हातची. माझी नोंदही होती, राजपत्राच्या तारखेला.

त्यापुढची पानं कोरी असतील असं वाटलं होतं. ती कोरी नव्हती. नावांच्या जागा तेवढ्या रिकाम्या. तारीख आणि शेवटचे दोन रकाने भरलेले होते, पहिल्या पानावरच्या त्याच जुन्या, किरट्या अक्षरात. एकूण, एकोणीस. एकोणीस. एकोणीस. शेवटच्या पानापर्यंत.

ऑक्टोबर १९८२ च्या ओळीत मी वय पाहिलं. माझंच असणार म्हणून शांतपणे पाहिलं.

आठ महिने.

बाळ आत पाळण्यात होतं.

दुसऱ्या दिवशी बाळाचं नाव बदलायचा अर्ज आणला. भरला, सही केली, शाई वाळू दिली. मग वही उघडली. त्या ओळीत सव्वीस वर्षं होतं. मंगलाला त्याच जूनमध्ये सव्वीस पूर्ण झाली होती. बाळाची जागा रिकामी झाली, तर भरायला जवळचं कोण, हे मला कळायला हवं होतं.

अर्ज फाडला. आठ महिने.

शांतवनच्या नावाचा अर्ज भरला. सव्वीस वर्षं. माझ्या स्वतःच्या नावाचा भरला. सव्वीस वर्षं. दोन्ही फाडले.

आज सहा सप्टेंबर. रोज कारखान्यातून आल्यावर चहा घेतो, एक अर्ज भरतो, वही उघडतो. कधी आठ महिने येतं, कधी सव्वीस. एक्कावन्न अजून एकदाही आलेलं नाही.