अर्धी दाढी

वस्तऱ्याला धार लावायची, एवढंच काम होतं. फोतिनीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ओला टॉवेल पसरला, त्यावर धारेचा दगड ठेवला आणि दगडावर वाटीभर पाणी ओतलं. वर, जमिनीवर, दुपारचं ऊन ऑस्ट्रेलियातल्या त्या सगळ्या कूबर पीडी गावाला भाजून काढत होतं. इथे खाली, ओपल रत्नांच्या जुन्या खाणीतच कोरून काढलेल्या घरात, दिवा मालवला की भरदुपारी स्वतःचा हात दिसत नसे.

पलीकडच्या खोलीत आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. चाळीस वर्षं खाणवाल्यांच्या दाढ्या केलेला थानासिस न्हावी. तीन आठवड्यांपूर्वी पक्षाघाताने त्यांची उजवी बाजू गेली. "ही मेली," डाव्या हाताने उजवा हात उचलून ते सांगत, "हिला पुरून या. बाकीचा मी मागाहून येतो."

पण दाढी वाढली तसे विनोद आटले. खुंट वाढलेला थानासिस गावात कुणी पाहिला नव्हता. लाजेपायी त्यांनी आधी माणसं तोडली, मग जेवण सोडलं. चार दिवस पाण्यापलीकडे पोटात काही नव्हतं. फोतिनीने आणलेला प्लास्टिकचा रेझर त्यांनी भिरकावला होता. "वस्तऱ्याने कर. नाहीतर राहू दे."

आणि घरात वस्तरा एकच उरला होता.

"तो नको," मारूला आत्याने बजावलं होतं. "तो मेलेल्यांचा. पुरायच्या आधी माणसाची शेवटची दाढी त्याने करायची, वाइनने पुसायचा, मिटून ठेवायचा. बाबांनी त्याला कधी दगड दाखवला नाही. मेलेल्याला बोथट चालतो. धार लावली की तो काम शोधतो."

"लोखंडाला काय कळतंय, आत्या? तुझा बाप भुकेने मरतोय आणि तू वस्तऱ्याचं सोवळं सांभाळ."

"हेच शिकवलं का कॉलेजात?"

"नर्सिंग शिकवलं. उपाशी म्हातारा किती दिवस काढतो, तेही शिकवलं. सांगू?"

आत्या छातीवर क्रूस काढत चर्चला निघून गेली.

फोतिनीने पातं दगडावर आडवं टेकवलं, पाठ आणि धार दोन्ही. धार पुढे करून ढकलायचं, टोकाशी पोचलं की पाठीवर पालटायचं, धारेवर कधीच नाही. लहानपणी आजोबांच्या गुडघ्याशी बसून हे पाहिलेलं. सर्र... पालटलं. सर्र... गंज उतरू लागला. ओल्या पोलादाचा वास सुटला.

थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, की भिंतीतून आवाज परत येतोय. ती पाणी टाकायला थांबली.

सर्र.

घुमतंय, तिने स्वतःला सांगितलं. पण तिचा हात लांब चालत होता आणि हा आवाज तोकडा, सावकाश होता. तो दगडावरच्या पात्याचा वाटत नव्हता. कातडीवर चालणाऱ्या पात्याचा होता.

दगडावरचं पाणी करडं झालं होतं. त्यात काहीतरी तरंगत होतं. तिने चिमटीत धरून दिव्याजवळ नेलं. आखूड, पांढरे केस... तिच्या हातावरचे केस तर काळेभोर होते.

तरी तिने काम अर्धवट सोडलं नाही. बारीक दगड झाला, चामड्याचा पट्टा झाला. पातं मनगटाजवळ नुसतं टेकवलं तर लव गळून पडली. साबणाचा फेस घेऊन ती आत गेली.

"आजोबा, वळा बघू."

ते वळले. उजवा गाल कानापासून हनुवटीच्या मध्यापर्यंत स्वच्छ होता. डावीकडे तीन आठवड्यांचं पांढरं रान तसंच. कानाच्या पाळीवर साबणाचा एक बुडबुडा होता. तिच्या डोळ्यांसमोर तो फुटला.

"कुणी... कुणी केली?"

"गिऱ्हाईक आलं होतं. जुनं." आजोबा हळू बोलत होते, जणू शेजारी कुणी झोपलं होतं. "हात गार होते. पण सफाई बरी, माझ्याकडे बघून शिकलेला असणार. म्हणाला, ही बाजू आमच्यातली, तेवढी करून जातो."

"आणि दुसरी?"

"ती अजून तुमच्यातली म्हणे." त्यांनी तिच्या हाताकडे पाहिलं. "मीट तो वस्तरा, पोरी. तुझं प्लास्टिक आण. आणि सूप आहे का काही?"

तिने प्लास्टिकच्या रेझरने डावा गाल केला. दोन ठिकाणी कापलं, रक्त आलं, आणि ते लाल थेंब बघून तिला हायसं वाटलं. आजोबा दोन वाट्या सूप प्याले. वस्तरा तिने त्याच संध्याकाळी गावाबाहेरच्या पडीक खाणीत टाकला. तळाशी आपटल्याचा आवाज आला नाही.

उजव्या गालावर पुन्हा केस उगवलाच नाही. डाव्यावर उगवत राहिला. रोज सकाळी फोतिनी तिथे तळवा ठेवायची. खुंट बोचले की तिचा दिवस सुरू व्हायचा. आजोबा जेवत होते, तिला शिव्या घालत होते. ती उलट बोलत होती.

चाळिसाव्या सकाळी तळवा डाव्या कानाखाली थबकला. बोटभर रुंदीची एक पट्टी, सरळ कडेची, गुळगुळीत.

"काय गं, खुंट आहेत ना?" आजोबांनी डोळे न उघडता विचारलं.

म्हाताऱ्यांना तोंडावर खरं सांगायला जी कधी कचरली नाही, तिने तळवा तसाच ठेवला.

"आहेत आजोबा," ती म्हणाली. "बोचतायत."