स्त्री, वय सत्तावीस, केसांत पेन्सिल

खिडकीजवळच्या खुर्चीवर दोघांनी एकाच क्षणी हात ठेवला आणि एकाच क्षणी मागे घेतला. बाहेर इतकं दाट धुकं होतं की खिडकीत काच आहे की कापूस, कळू नये.

"बसा तुम्ही," तो म्हणाला. "फक्त डावीकडे कलू नका. पाय डुगडुगतो."

"माझा की खुर्चीचा?"

"खुर्चीचा नक्की." त्याची नजर तिच्या बोटांवर गेली. बोटं अगदी बारीक थरथरत होती. "तुमचं सांगायचं तर... तपासावं लागेल."

तिने हात मागे घेतला, बसली आणि बसल्या बसल्या खिडकी उघडली. अभ्यासिकेतल्या शाली, मफलर आणि कानटोप्या एकदम तिच्याकडे वळल्या. तिला मात्र गरम होत होतं.

ही अभ्यासिका म्हणजे एक वेगळीच जमात. डॉक्टरकीची पदवी सगळ्यांकडे, पण परवाना परीक्षा पास होईपर्यंत साधी तापाची गोळीही कुणाला लिहून देता येत नाही. म्हणून दिवसभर कॉम्प्युटरवर प्रश्नपेढी सोडवायची. पेढीतला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक रोगी. त्याला नाव नाही, गाव नाही. वय, तक्रार, नाडी, रक्तदाब आणि खाली चार पर्याय. निवडा, चुका, स्पष्टीकरण वाचा, पुढचा रोगी. काही महिने असे काढले की माणसाकडे माणूस म्हणून बघायची सवयच जाते. चहावाल्या मावशींची नखं बघून यांना लोहाची कमतरता आठवते, रखवालदार खोकला की यांच्यात पैजा लागतात.

ओळखी काढायची रीतही हीच. आवडलेल्या मुलीपाशी जायचं, गंभीर चेहरा करायचा आणि तिला एखादा आजार भेट द्यायचा. आमच्या नायिकेला आतापर्यंत रक्तक्षय मिळाला होता, अर्धशिशी मिळाली होती आणि एकाने तर हृदयाला छिद्रच देऊ केलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला तिचा फोन नंबर हवा होता.

त्यामुळे दोन-तीन दिवसांनी चहाच्या टेबलापाशी हा खिडकीवाला, हे नाव तिने त्याला मनातल्या मनात दिलेलं, आवाज खाली आणून म्हणाला की तुम्ही एकदा थायरॉइडची तपासणी करून घ्या, तेव्हा ती गोड हसली.

"हे नवीन आहे," ती म्हणाली. "बाकीचे रक्तक्षयापासून सुरुवात करतात."

बिचारा कानापर्यंत लाल झाला. तिने त्याच्या हातात चहाचा पेला दिला तेव्हा बोटांना बोटं लागली. त्याची गार होती, सगळ्यांची होती. तिची तव्यावरून उतरल्यासारखी.

खरं म्हणजे तिला हसण्याखेरीज काही परवडतच नव्हतं. मागच्या खेपांना ती थोडक्यात हुकली होती आणि नियमाप्रमाणे ही शेवटची खेप. यानंतर दार बंद. आईला तिने दवाखान्याच्या पाटीवर नाव दाखवायचं कबूल केलं होतं. आई गेली, कबुली राहिली. आता ती मावशीकडे राहायची. मावशी कपडे शिवायची आणि दर पंधरवड्याला भाचीचे कुर्ते दोन्ही बाजूंनी आत घ्यायची. धडधडतं, झोप नाही, हात कापतात. तिने या सगळ्याला एकच नाव दिलं होतं, परीक्षा.

आणि मग एका सकाळी, अर्धा संच झाल्यावर, पडद्यावर तो प्रश्न आला.

*स्त्री, वय सत्तावीस. केस पेन्सिलीने वर बांधलेले. थंडीतही खिडकी उघडून बसते. हात गरम आणि ओलसर, बोटांना बारीक कंप. डुगडुगत्या खुर्चीत बसूनही तिला धडधड स्वतःचीच वाटते. निदान काय?*

तिचा हात नकळत केसांकडे गेला. पेन्सिल जागेवर होती.

प्रश्नपेढीत असले तपशील नसतात. खुर्चीचा पाय कुठल्या आजाराचं लक्षण असतं? तिने मान वर केली. सगळी डोकी खाली होती, नुसता माऊसचा टकटक आवाज. तिने घाईने 'मानसिक ताण' निवडलं. चूक. चुकलेल्या प्रश्नाचं स्पष्टीकरण शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं, ही तिची शिस्त. बोट ठेवून वाचायची, पहिलीतल्या पोरीसारखी. शेवटची ओळ होती: *ताणाने हात घामेजतो, पण गार पडतो. भीतीचा हात गार असतो. या स्त्रीचा हात गरम आहे.*

योगायोग, तिने स्वतःला बजावलं. जगात पेन्सिली काय थोड्या आहेत?

दोन दिवसांनी दुसरा आला. *हीच स्त्री. घड्याळ मनगटावरून कोपराकडे घसरतं. मावशी म्हणते, खातेस दोघींचं आणि दिसतेस अर्धी.*

हे वाक्य मावशीचंच होतं, जसंच्या तसं. पण एव्हाना उत्तर पाठ झालं होतं. तिने थायरॉइड निवडलं, पडद्यावर हिरवी खूण उमटली, तिला बरं वाटलं आणि ती पुढच्या रोग्याकडे गेली. प्रश्न ओळखला, रोगी नाही ओळखला. पेढीवर वाढलेल्या माणसाची हीच गोची असते.

त्या दिवशी घरी जाताना ओल्या रस्त्यावर तिला सारखं वाटत होतं की कुणीतरी आपल्याला लिहून घेतंय. ती दिव्याखाली थांबली तर कुठेतरी एक ओळ वाढणार, भरभर चालली तर नाडीचा आकडा वाढणार.

तिसरा प्रश्न सर्वांत लहान होता. *हीच स्त्री, परीक्षेचा दिवस. केंद्राच्या जिन्यात, निळा रंग उडालेल्या कठड्यापाशी ती कोसळते. पेन्सिल पायऱ्यांवरून गडगडत खाली जाते. हे टळलं असतं का?* पर्याय एकच दिला होता: *हो.*

तिने पडदा बंद केला. काळ्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला. डोळे मोठे, जरा जास्तच उघडे. असा चेहरा तिने चित्रात कितीदा पाहून बरोबर ओळखला होता.

घरी येऊन तिने मावशीला सांगितलं, मी दुपारी पडते, मला झोप लागली की नाडी मोज. ताणाची नाडी झोपेत शांत होते, एवढं तिला आठवत होतं. मावशीने शिलाई मशीन थांबवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल टाकून बसली. ती उठली तेव्हा मावशी तिचं मनगट तसंच धरून बसली होती.

"झोपेतही पळतेय गं तुझी नाडी," मावशी म्हणाली. "कुठं निघालीयेस एवढी, डॉक्टरीण?"

रक्त तपासलं. थायरॉइडच निघालं. चांगलंच वाढलेलं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि एवढंच म्हणाल्या की आणखी काही आठवडे अशीच धावली असतीस तर परीक्षेच्या दिवशी काय झालं असतं, सांगता येत नाही. तिला सांगता येत होतं. कठड्याच्या रंगासकट.

दुसऱ्या दिवशी ती थेट त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. डुगडुगणारा पाय तिला सोडून एकालाच माहीत होता.

"मला रोगी केलंत तुम्ही."

त्याने नाही म्हटलं नाही. मागच्याच वर्षी तो पास झाला होता. नेमणूक मिळेपर्यंत प्रश्नपेढीसाठी प्रश्न लिहायचा. नवे प्रश्न आधी निवडक लोकांना चाचणीसाठी दाखवतात आणि ते लोक त्यानेच निवडायचे असतात. त्याने एकटी तीच निवडली होती. मावशीचं वाक्य तिनेच व्हरांड्यात फोनवर, हसत हसत, कुणालातरी सांगितलं होतं. निळा कठडा त्याच्या स्वतःच्या परीक्षेच्या केंद्रावरचा.

"सरळ सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं. चहापाशी. तुम्ही म्हणालात, हे नवीन आहे."

तिने केसांतली पेन्सिल काढून पुन्हा खोचली.

"तुम्ही माणसांचं ऐकत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "चुकलेल्या प्रश्नाचं स्पष्टीकरण मात्र बोट ठेवून वाचता. मग म्हटलं... तिथेच जाऊन सांगावं. चूक आहे, मला कळतं. तिन्ही प्रश्न काल काढून टाकले."

रागवायचं तिने ठरवूनच ठेवलं होतं. पण जो माणूस आपण कुठपर्यंत वाचतो हे बघतो, त्याच्यावर रागवायचं कुठून सुरू करावं, हे तिला सापडेना. शेवटी तिने एवढंच फर्मावलं की यापुढे जे सांगायचं ते तोंडाने सांगायचं.

"सगळं?"

"सगळं," ती म्हणाली, आणि मग आपण नेमकं काय कबूल केलं ते लक्षात येऊन खिडकीकडे बघू लागली.

गोळ्यांनी काम केलं. हळूहळू बोटं स्थिर झाली, खिडकी बंद राहू लागली. मावशीने एका कुर्त्याची शिवण उसवून बाहेर सोडली आणि तो दिवस सणासारखा साजरा केला. खिडकीवाला आता समोर बसायचा आणि तिला प्रश्न विचारायचा. ती चुकली की तो स्पष्टीकरण तोंडी द्यायचा, जरा लांबवूनच. तिचं उत्तर बरोबर आलं की त्याचा चेहरा पडायचा. तो तिला पेन्सिलबाई म्हणायचा, ती त्याला काहीच म्हणायची नाही. काहीच न म्हणणं जास्त जवळचं असतं, हे अभ्यासिकेतल्या सगळ्यांनी तिच्या आधी ताडलं होतं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी फाटकापाशी तो थांबला. "उद्या परीक्षा झाली की एक विचारायचंय."

"आत्ता विचारा."

"नको. तुमची नाडी..."

"माझी नाडी औषधावर आहे," ती म्हणाली. "तुमची बघा."

परीक्षेच्या केंद्रात जिना होता, कठडा निळा होता आणि रंग उडालेला होता. तिने कठडा धरला नाही. मधोमध चढत गेली आणि वर पोचल्यावर एकदा मागे वळून पाहिलं. पायऱ्या रिकाम्या होत्या. पण कसा कोण जाणे, अगदी खालून काहीतरी लाकडी गडगडत गेल्याचा आवाज आला. तिने केस चाचपले. पेन्सिल होती.

आत गेल्यावर सही करून घेतली: इथला कुठलाही प्रश्न बाहेर कुणालाही सांगणार नाही. नेहमीचीच अट. ती मन लावून सोडवत गेली. रोगी आले, रोगी गेले. मग पडद्यावर हा आला:

*पुरुष, वय ब्याऐंशी. पत्नी सोबत आहे. माणसं ओळखत नाही, घराचा रस्ता ओळखत नाही. डुगडुगत्या खुर्चीत स्वतः बसतो, पत्नीला बसू देत नाही. पत्नीच्या पांढऱ्या केसांत पेन्सिल. तपासणीत तो पुन्हा पुन्हा एकच विचारतो, ठकू आली का? पत्नीला काय सल्ला द्याल?*

ठकू. आई गेल्यापासून या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. मावशीसुद्धा डॉक्टरीण म्हणायची. खोलीतला पंखा फिरत होता आणि त्याचा आवाज येत नव्हता. आजूबाजूला तेवढीच खाली गेलेली डोकी, तेवढाच टकटकाट.

पर्याय चार. औषध वाढवा. दाखल करा. पुन्हा तपासा. आणि शेवटचा: *हात धरून बसा. हाक मारली की ओ द्या.*

पुस्तकात हे उत्तर कुठेच नव्हतं. तरी आयुष्यात पहिल्यांदाच तिला एखाद्या उत्तराबद्दल शंका नव्हती. तिने ते निवडलं. पडद्यावर पुढचा रोगी आला, आणि मागे जायची सोय या परीक्षेत नव्हती.

बाहेर पडली तेव्हा रिमझिम होती. तो फाटकाशी छत्री मिटूनच उभा होता, जणू ती उघडायची असते हे विसरला होता.

"कसा गेला पेपर?"

"चांगला. एक प्रश्न..." ती थांबली. सही आठवली. "परीक्षेचे प्रश्न कोण लिहितं?"

"ते कुणालाच माहीत नसतं. आम्ही पेढीवाले तर त्या दाराशीही जात नाही."

"तुम्ही माझ्यावर किती लिहिलेत?"

"तीन," तो म्हणाला. "शपथेवर तीन. का?"

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. अवघडला की त्याचे कान लाल व्हायचे, ते लाल नव्हते. "माझं घरातलं नाव माहीत आहे तुम्हाला?"

"तुम्ही कधी सांगितलंच नाहीत."

पावसाचे थेंब त्याच्या केसांवर पांढरे दिसत होते, आणि क्षणभर... फक्त क्षणभर, ते पावसाचे वाटले नाहीत. या रस्त्याच्या पार टोकाला काय आहे, हे तिला आता ठाऊक होतं. वळून जायचं असेल तर हीच वेळ होती. ती तशीच उभी राहिली. ब्याऐंशीपर्यंत बराच वेळ होता, आणि तिला त्यातला एक तासही दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता.

"मला ते विचारायचं होतं," तो म्हणाला, "म्हणजे... काल म्हटलं होतं ते... तुम्ही जर..."

"प्रश्न राहू दे," ती म्हणाली. "उत्तर घे."

तिने त्याचा हात धरला. न राहवून त्याच्यातला डॉक्टरच बोलला. "तुझा हात गार आहे."

"गार हात म्हणजे काय?"

"म्हणजे... आजार नाही." त्याने बोटं घट्ट मिटली. "नुसती भीती."

"मग बरोबर," ती म्हणाली. आणि जरा वेळाने, "मला ठकू म्हण."

"ठकू," तो म्हणाला. हळूच, फार जुनं काहीतरी आठवल्यासारखं.

तिने ओ दिली.