हाइ म्हणजे हो नव्हे

"साहेब, तुमचा सगळ्यात देखणा बगळा निऱ्यांत गेला."

शिन्जी मोरितांशी बोललेलं माझं हे पहिलं वाक्य, तेही हिंदीत. पलसाण्याच्या मिलमध्ये त्यांचं बगळ्यांच्या साडीचं डिझाइन चुकून माझ्या ट्रेसिंगच्या टेबलावर आलं होतं. ओसाकात साबणाची, चहाची पोस्टरं करून या माणसानं बक्षिसं मिळवलेली. आता कापड शिकायचं म्हणून ते सुरतेत आले होते, पण साडी नेसतात कशी हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी ड्रेसवरूनच नमुन्याची साडी गुंडाळून दाखवली. ते मान हलवत राहिले, "हाइ... हाइ..." आणि बघत होते ते बगळ्याकडे नव्हे.

महिनाभरात बगळे पदरावर आले आणि साहेब रोज चहाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी. मी प्रेमात पडले. त्यात लाजायचं काय? पण रविवारी शिरपूरचे पाहुणे मला बघायला येणार होते. म्हणून सोमवारीच सरळ विचारलं,

"घर में बीवी है?"

"हाइ," ते हसून म्हणाले.

है! चार दिवस मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवारी ते शब्दकोश घेऊन आले. "रंजना, रागावलीस... का?"

"बायको असलेल्या माणसानं इथे रेंगाळू नये."

त्यांनी पानं उलटली आणि कानापर्यंत लाल झाले. "आम्ही ऐकताना 'हाइ' म्हणतो. ऐकतोय, एवढंच. 'बीवी' हा शब्द मला कळलाच नव्हता."

"न कळता हसलात?"

"तू बोलतेस तेव्हा मी हसतोच."

मी ब्रश खाली ठेवला. "मग आता कळून सांगा. आहे?"

"नाही. ओसाकाहून बोलावणं आलंय, मोठ्या हुद्द्याची नोकरी आहे. मी नको कळवलं. मला इथेच काम करायचंय... तुझ्याशी लग्न करून."

"विचारताय की कळवताय?"

"विचारतोय."

"मग हो. आणि माझा हो म्हणजे होच."

त्याच संध्याकाळी गोडादऱ्याला घरी गेले. आई सुपात तांदूळ निवडत होती. मी आमच्या अहिराणीत म्हटलं,

"आई, शिरपूरवालासले बलावू नको. मना मनमा एक जन शे."

तिचा हात थांबला. "कोन्ता गावना?"

"ओसाकाना. जपानमा शे."

तिनं सूप बाजूला सारलं आणि माझ्याकडे बघितलं. मी नजर खाली केली नाही.

"आपली भाकर खाई का तो?"

"नही खाई ते मी शिकाडसू."

आईनं सूप पुन्हा पुढे ओढलं. "मंग रविवारले त्यालेच बलाव."