तिसरी चिठ्ठी

इजिप्तमधल्या मिन्या शहरातल्या त्या कॉप्टिक चर्चच्या सभागृहात कॉफीला बंदी होती. दारासमोरच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत मोशेच्या नियमशास्त्रातलं वचन लावलेलं होतं: शकुन पाहणारा, चेटूक करणारा, मेलेल्यांना विचारणारा तुमच्यात कोणी नसावा. आणि त्याखाली, त्याच वळणाच्या अक्षरात, 'सभागृहात कॉफी उकळू नये.' दोन्ही आज्ञा एकाच वेळी डोंगरावरून उतरल्यासारख्या दिसत.

कारण असं की बुधवारचा बायबलचा वर्ग सुटला की बायका कप उपडे घालून गाळात एकमेकींच्या सुनांचं भविष्य बघत. अबूना बिसेंती, म्हणजे तिथले पाद्री, यांनी कॉफी बंद केली. बायका चहाकडे वळल्या. पंधरा दिवसांत अँजेल नावाच्या विधवेला चहाच्या चोथ्यात उंट दिसला, आणि तो उंट खरोखरच तिसऱ्या दिवशी एकीच्या दिराच्या गाडीवर आदळला. तेव्हापासून अँजेलबाईंना वर्गात मज्जाव होता आणि सभागृहात फक्त पिशवीचा चहा मिळे.

फेब्रोनियाला हे सगळं हास्यास्पद वाटे, पण नियम पटे. ती औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट होती. गोळी मोजून द्यावी, मात्रा लिहून द्यावी, आणि गिऱ्हाईक 'हिने बरं वाटेल ना?' म्हणालं तर 'पाकिटावर तसंच लिहिलंय' म्हणावं, असा तिचा स्वभाव. वय एकोणतीस. आई हे वय अशा स्वरात सांगे की ऐकणाऱ्याला ताप वाटावा.

ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियाहून रफीक नावाचं स्थळ आलं. पुलांचा इंजिनियर, सहा आठवड्यांची रजा. बोलायला बरा, दिसायला बरा, आईशी बरा. त्याच्यात खोड काढावी असं काहीच नव्हतं आणि तीच फेब्रोनियाला खोड वाटत होती. साखरपुडा करायचा तर नाताळचा (त्यांचा नाताळ सात जानेवारीला) उपास लागायच्या आत, कारण त्या त्रेचाळीस दिवसांत काही शुभकार्य होत नाही. लग्न जानेवारीत. आणि एकदा का लग्नात डोक्यावर मुकुट चढले, की ते उतरवायची सोय त्यांच्या चर्चमध्ये नाही. नवरा वाईट निघाला तर मरेपर्यंत निघाला. चांगला निघाला तरी मरेपर्यंतच.

म्हणून तिने, मात्रा मोजून देणारीने, देवाला विचारायचं ठरवलं.

त्याला रीत होती. कागदाच्या तीन चिठ्ठ्या. एकीवर 'हो', एकीवर 'नको', तिसरी कोरी. कोरी म्हणजे थांब. तिन्ही घडी घालून पांढऱ्या रुमालात बांधून अबूनांकडे द्यायच्या, त्या बुधवार, शुक्रवार, रविवार अशा तीन उपासना वेदीवर राहत, आणि रविवारी अबूना डोळे मिटून एक उचलत. तिने एकदा विचारलं होतं की मग यात आणि कॉफीत फरक काय. अबूना म्हणाले होते, "कप म्हणजे दाराला कान लावणं. चिठ्ठी म्हणजे अर्ज."

पहिल्या रविवारी कोरी निघाली. तिने ठीक म्हटलं.

दुसऱ्या रविवारी कोरी निघाली. आई म्हणाली, तू इतकी वर्षं सगळ्यांना ताटकळत ठेवलंस, आता देव तुला ठेवतोय. रफीकने फोनवर हसून घेतलं आणि रजेचे दिवस मोजून सांगितले.

तिसऱ्या रविवारी कोरी निघाली तेव्हा फेब्रोनियाने दुकानात बसून गणित केलं. सत्तावीसात एक. तसं घडू शकतं. पण जे घडू शकतं ते आपल्याच अर्जाच्या बाबतीत का घडावं, हे तिला कळेना. सरकारी कचेरीतला कारकूनसुद्धा 'उद्या या' म्हणतो, मग शिक्का हरवल्याचं सांगतो, निदान तोंड तरी उघडतो. संताप आला तो रफीकचा नाही, लग्नाचा नाही. त्या शांतपणाचा आला.

चौथ्या खेपेला तिने लबाडी केली.

दुकानातल्या मात्रा लिहायच्या पॅडचं एक पान घेतलं. फिकी निळी रेघ असलेलं. हाताने फाडून नेहमीसारखे तीन तुकडे केले. एकावर 'हो' लिहिलं, एकावर 'नको' लिहिलं, आणि तिसरा तुकडा ॲप्रनच्या खिशात टाकला. रुमालात दोनच चिठ्ठ्या बांधल्या. आता बघू कसा थांबवतोस, असं ती कुणाला तरी म्हणाली. नक्की कुणाला, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

रविवारी उपासना संपली. लोक प्रसादाच्या पावाचे तुकडे तोंडात टाकत बाहेर पडत होते, धुपाचा धूर खांबांमध्ये रेंगाळला होता. अबूनांनी रुमाल सोडला, डोळे मिटले, बोटं फिरवली, एक चिठ्ठी उघडली. चष्मा नाकावर सारला.

"कोरी," ते म्हणाले.

फेब्रोनियाने न विचारता रुमाल ओढून घेतला. आत दोन घड्या होत्या. तिने त्या उलगडल्या. एकीवर 'हो', एकीवर 'नको', तिच्याच अक्षरात. अबूनांच्या हातातल्या तिसरीवर फिकी निळी रेघ होती. तिने ती 'नको'च्या फाटलेल्या कडेला लावून पाहिली. दाताला दात जुळला.

मग तिने पर्स उघडून घडी केलेला ॲप्रन काढला आणि खिशातला तुकडा बाहेर घेतला. तोही त्याच कडेला लावून पाहिला. तोही जुळला.

"किती दिल्या होत्यास?" अबूनांनी विचारलं.

"दोन."

अबूना बराच वेळ त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिले, जणू बारीक अक्षर लागत नव्हतं. मग त्यांनी त्याची घडी घातली आणि तो स्वतःच्या खिशात ठेवला. याआधीच्या तिन्ही त्यांनी तिला परत दिल्या होत्या.

"आता विचारू नकोस," ते म्हणाले.

"पण उत्तर मिळालं नाही मला."

"चारदा मिळालंय, पोरी."

काय मिळालंय, असं तिने दोनदा विचारलं. अबूना अंगावरचा झगा उतरवायला लागले आणि त्यांचा हात बाहीत अडकला. तो त्यांनी तसाच अडकू दिला.

मागच्याच महिन्यात त्यांनी प्रवचनात शौल राजाची गोष्ट सांगितली होती. देव त्याला स्वप्नात उत्तर देईना, चिठ्ठीतून देईना, संदेष्ट्यांमार्फत देईना. मग राजा वेष पालटून मेलेल्यांना बोलावणाऱ्या एका बाईकडे गेला. तसल्या बायकांना त्यानेच देशातून हाकलून लावलं होतं. फेब्रोनियाला तेव्हा राजा मूर्ख वाटला होता. आता तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की त्याने अर्ज किती वेळा केला होता.

बुधवारी दुपारी दुकान बंद करून, तोंडाला मास्क लावून आणि आईची शाल डोक्यावरून घेऊन ती अँजेलबाईंच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी गेली. दार उघडताच अँजेलबाई म्हणाल्या, "ये फेब्रोनिया. मास्क कशाला? नाक तुझ्या आजोबांचं आहे, ते झाकायला चादर लागेल."

स्वयंपाकघरात वेलदोड्याचा वास होता. खिडकीतून चर्चचा घुमट दिसत होता, तिथला पडदा अँजेलबाईंनी ओढून घेतला. मग ओट्यावरच्या कुमारी मरियेच्या आणि दोन संतांच्या तसबिरींवर त्यांनी भांडी पुसायचं फडकं टाकलं.

"त्यांना कशाला उगाच संकोच," त्या म्हणाल्या.

फेब्रोनियाला हसू आलं. कितीतरी दिवसांत पहिल्यांदाच. कॉफी दाट होती, गाळ निम्म्या कपापर्यंत होता. तिने पिऊन कप बशीवर उपडा घातला. अँजेलबाईंनी विचारलं, प्रश्न काय. फेब्रोनियाने रफीकचं नाव सांगितलं. अँजेलबाई म्हणाल्या, हे तर चहाच्या पिशवीतसुद्धा दिसेल मावशीला, काळजी करू नकोस.

दोघी थांबल्या. खाली रस्त्यावर गॅसवाला पान्याने सिलिंडर बडवत गेला.

अँजेलबाईंनी कप उचलला.

आत काही नव्हतं. गाळ नव्हता, ओघळ नव्हता, ओठांचा डाग नव्हता. बशीही पांढरी होती. अँजेलबाईंनी आत बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. कोरडं होतं.

फेब्रोनियाच्या जिभेवर अजून कॉफीचे कण होते.

"म्हणजे काय मावशी?"

अँजेलबाई उठल्या. त्यांनी कप धुतला, तसा तो धुतलेलाच होता. तसबिरींवरचं फडकं काढलं, तीनदा छातीवर क्रूसाची खूण केली. मग शेगडी पेटवली, लोण्यात दोन अंडी फोडली, पाव भाजला, खारट पनीरचा मोठा तुकडा कापला आणि ताट फेब्रोनियापुढे सरकवलं.

"खा. परत चालत जायचंय तुला."

"मावशी, आज बुधवार आहे."

बुधवारी आणि शुक्रवारी त्यांच्यात अंडं, दूध, पनीर चालत नाही. अँजेलबाईंनी गेल्या चाळीस वर्षांत एकही बुधवार मोडला नव्हता. हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत.

"तुला चालेल," अँजेलबाई म्हणाल्या.

"उपास फक्त आजाऱ्याला माफ असतो. मला काय झालंय?"

अँजेलबाईंनी पाव तोडून तिच्या हातात दिला आणि शेगडी विझवली. त्यांनी पैसे घेतले नाहीत. उंटाच्या भाकितालाही त्यांनी घेतले होते.

फेब्रोनिया घास न खाता उठली. जिन्यात तिचा संताप अनावर झाला. वर देव मुका, खाली ही मुकी. परवानगी असलेला दरवाजा बंद, बंदी असलेलाही बंद, आणि दोन्हीकडे लोक तिच्याकडे असे बघणार जणू पाटी तिलाच वाचता येत नाही. दुसऱ्या मजल्यावर उभं राहून तिने रफीकला फोन लावला आणि हो म्हणून टाकलं. आवाज असा होता की त्याने दोनदा विचारलं, नक्की हो ना. घरी आईने खिडकीतूनच आरोळी ठोकून गल्लीला बातमी दिली.

अंगठ्यांचं काम तिने स्वतःकडे घेतलं. रीत अशी, की तिच्या अंगठीत आतून त्याचं नाव नि तारीख, त्याच्या अंगठीत तिचं. ती सोनाराच्या शेजारी स्टुलावर बसून राहिली. अक्षर न् अक्षर तिच्यासमोर कोरलं गेलं. सोन्याचा कीस सोनाराने चिमटीत धरून दाखवला. तिने भिंग लावून दोन्ही नावं वाचली, डबी स्वतः बंद केली आणि रविवारपर्यंत पर्समधून बाहेर काढली नाही.

रविवार तेवीस नोव्हेंबर. परवा उपास लागणार होता. सभागृहात दीडशे माणसं, पिशवीचा चहा, रफीकच्या बहिणींचा कलकलाट. रफीक नव्या कोटात आला होता आणि खरंच बरा दिसत होता. फेब्रोनियाला पहिल्यांदाच वाटलं, की हे आपण उगाचच कुणाला विचारत बसलो.

अबूनांनी डबी उघडली. रीतीप्रमाणे नावं मोठ्याने वाचायला पहिली अंगठी उजेडात धरली.

"रफीक," ते म्हणाले. तारीख वाचली. टाळ्या झाल्या.

दुसरी उचलली. चष्मा नाकावर सारला. अंगठी बोटांत एकदा फिरवली, मग पुन्हा फिरवली.

फेब्रोनियाला तोच शब्द, 'कोरी', त्यांच्या ओठांवर दिसला. आवाज फुटला नाही.

मग त्यांनी अंगठी खाली घेतली आणि समोर न पाहता मोठ्याने म्हटलं, "फेब्रोनिया." टाळ्या झाल्या. आई रडली. रफीकने अंगठी आत न बघताच बोटात चढवली.

नंतर केक फिरला, फोटो झाले. अबूना गर्दीतून वाट काढत तिच्यापाशी आले. हातात बशी होती, बशीत केकचा तुकडा. गेल्या वर्षी हाड मोडलेल्या सुताराला ज्यांनी दुधाच्या थेंबाची सूट दिली नव्हती, ते हे अबूना.

ते तिच्या कानाशी वाकले.

"परवापासून उपास आहे," ते हळूच म्हणाले. "तू धरू नकोस."