तळाचा श्वास

टुण् असा बारीक आवाज झाला आणि स्वयंपाकघरातली शांतता मोडली. ओट्यावर, चहाच्या आणि साखरेच्या डब्यांच्या मधोमध ठेवलेल्या श्वासडबीवर हिरवा ठिपका लागला होता. शलाकानं दुधाखालचा गॅस बारीक केला. आता दहा मिनिटं. तेवढ्यात तनूनं डबीच्या नळीत एक फुंकर मारायची, तीही काही खाण्यापिण्याआधी.

"तनू, ऊठ गं राणी. आज शेवटची."

"पाचच मिनिटं," आतून आवाज आला.

"पाच मिनिटं नाहीत आपल्याकडे. ऊठ."

मिरजेतल्या त्या गल्लीत गेल्या दोन वर्षांत निदान पाच घरांत ही डबी येऊन गेली होती. नर्सिंग शिकलेली मुलं आधी परदेशी जायची, मागून बायकापोरं. पूर्वी व्हिसाच्या फीबरोबर दवाखान्याचा ठरावीक आकार भरला की काम व्हायचं. मग ही डबी निघाली. उच्छ्वासातल्या वायूंचा माग काढून ती अंदाज बांधायची, की या माणसाला पुढच्या तीस वर्षांत काय काय होईल आणि त्याच्या औषधपाण्याला तिकडच्या सरकारचे किती पैसे जातील. ते पैसे आधीच भरायचे, तरच व्हिसा. कागदावर त्याचं नाव 'भावी उपचार शुल्क'. गल्लीत सगळे 'फुंकरीचे पैसे' म्हणत.

शलाकाच्या फुंकरीचे दोन लाख आले होते. तनूच्या, सात वर्षांच्या पोरीच्या फुंकरीचे चौदा.

"डबीच बिघडलीय मेली," शलाकाच्या सासूबाई, रजनीबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. पण व्हिसा केंद्रातल्या मुलीनं फोनवर विचारलं, "मॅडम, घरात रोज कसला धूर असतो का?" आणि शलाकाची नजर कोपऱ्यातल्या शेगडीकडे गेली. तनूचे केस दाट, कमरेपर्यंतचे. बाळ होती तेव्हापासून न्हाऊ घातलं की रजनीबाई शेगडीवर ऊद-ओवा टाकायच्या, वर टोपली पालथी घालायच्या आणि त्या धुरीवर तिचे केस पसरून सुकवायच्या. सर्दी होत नाही म्हणून. तिला सर्दी झालेली नव्हतीच. छाती मात्र अधूनमधून वाजायची.

"माझा हर्षद याच धुरीत वाढला," रजनीबाई म्हणाल्या. "त्याच्या श्वासाला कुणी भाव लावला नाही!" आवाज चढला तो चढला, पण त्याच दुपारी त्यांनी शेगडी जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. त्या दिवसापासून त्या नातीचे केस नुसत्या पंच्यानं पुसत होत्या.

केंद्रानं फेरमोजणी मान्य केली. धूर बंद करून दोन महिने थांबायचं, मग पाच सकाळी फुंकर, आणि पाचव्या सकाळचा आकडा कायम. पहिल्या दिवशी बारा लाख आले. मग नऊ. मग सहा. काल साडेतीन. हर्षदनं काल फोनवर लहान पोरासारखी शीळ घातली होती. तिकडे एका वृद्धाश्रमात नर्स होऊन त्याला तीन वर्षं झाली होती. घरच्यांना बोलावून घेण्याची त्याची परवानगी आज संध्याकाळी संपत होती. तनूचा आकडा चार लाखांच्या वर गेला, तर भरायला त्यापुढं काही उरलं नव्हतं. परवानगी पुन्हा मागायची, तर आणखी चार वर्षं.

तनू डोळे चोळत आली आणि ओट्याशेजारच्या स्टुलावर चढून बसली. रोज फोन शलाका धरायची. आज रजनीबाईंनी तो मागून घेतला. "मला बघू दे माझ्या लेकाचं तोंड," म्हणाल्या. पडद्यावर हर्षद ड्युटीच्या निळ्या कपड्यांतच होता.

"काय म्हणते माझी फुंकरवाली?"

"बाबा, तुझी दाढी वाढलीय."

"तू येऊन काप. मार बघू फुंकर."

"थांब हो," शलाका म्हणाली. "आधी सरावाची मारू दे. मार इथं."

तिनं एक तळवा तनूच्या तोंडापुढे धरला आणि दुसरा, मोकळाच होता म्हणून, सवयीनं पाठीवर ठेवला. तळव्याला फुंकर लागली, उबदार, झोपेच्या वासाची. लागली आणि थांबली. पाठ मात्र अजून फुगलेलीच होती. एक क्षण, दोन क्षण. मग तनूनं मान पलीकडे वळवून उरलेली हवा नाकानं हळूच सोडली, कुणाला कळू नये अशी.

शलाका वाकली. तिचं तोंड तनूच्या कानाशी गेलं. "उरलेला श्वास कुठं ठेवलास गं?"

तनूनं फोनकडे पाहिलं आणि तीही कुजबुजली. "पोटात. तळाचा नसतो सोडायचा. बाबाच म्हणाला ना."

म्हणाला होता खरा. फुप्फुसाच्या तळातली हवा सगळ्यात शेवटी बाहेर येते आणि आजाराच्या खुणा तिच्यातच असतात, हे हर्षद एकदा शलाकाला समजावून सांगत होता. तनू तेव्हा खाली बसून चित्र रंगवत होती. आठ वर्षांखालच्या मुलांना जोर कमी, म्हणून त्यांची आखूड फुंकरही डबी चालवून घ्यायची. तिथं कुणाला संशय येणार?

म्हणजे बारा, नऊ, सहा, साडेतीन. ते धुरी बंद केल्यामुळं नव्हतं. पोर दर सकाळी थोडा थोडा जास्त श्वास आत दाबून ठेवत होती.

"काय कुजबुज चाललीय मायलेकींची?" हर्षद हसला. "चारच मिनिटं राहिली ना?"

"काही नाही," शलाका म्हणाली. तिला अर्जाचं अकरावं पान आठवलं. खाली तिचीच सही होती. नोंदीत न आलेला आजार पुढं निघाला, तर त्यावर तिकडे उपचार मिळणार नाहीत. आठवड्यापूर्वी तनू जिना चढून आली तेव्हा मधेच बसली होती. दप्तर जड आहे, म्हणाली होती.

रजनीबाईंनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं. फोन धरलेला त्यांचा हात खाली आला. पडद्यावर आता फक्त फरशी दिसत असणार. "आता काय गं? शेगडी तर मी टाकली ना वर?"

"टाकलीत, आई. तुमचं काही नाही."

"अरे, दिसत नाहीये मला!" फोनमधून हर्षद म्हणत होता. "झाली का फुंकर?"

दूध वर आलं. शलाकानं गॅस बंद केला, आणि तेवढ्या वेळात तरी तिला लेकीकडे पाहावं लागलं नाही. हिरवा ठिपका लुकलुकायला लागला होता. तनूनं दोन्ही हातांनी नळी धरली, ओठांपाशी आणली, आणि खाली घेतली. शाळेत पेपर लिहायला बसते तेव्हाचा, शहाण्या मुलीचा चेहरा तिनं केला होता.

"आई, लवकर सांग ना. सगळा देऊ, की अर्धा?"