चौथं विमान

दुपारच्या सुट्टीत चार घास पटापट गिळून कॉम्प्युटरवर विमानं उडवायची, ही टूम माझीच. आमचं ऑफिस नकाशांचं. मोठ्या हॉलमध्ये वर्कस्टेशनच्या रांगा आणि सगळी एकाच केबलला जोडलेली. ती केबल सांभाळणं हे माझं काम, म्हणून मी तारवाला. काडीसारखा असल्यामुळे ज्याला आम्ही पैलवान म्हणतो तो आणि त्याच्या शेजारी बसणारी चष्मिस, दोघंही नकाशे काढणारी, हे माझे भिडू.

विमानांचा तो खेळ एकट्याने मस्त चालायचा. तिघांनी एकाच आकाशात उडायचं म्हटलं की रडायला लागायचा. पैलवानाला मी दिसायचो, मला चष्मिस दिसायची, चष्मिसला कुणीच दिसायचं नाही. "मी काय वर एकटीच हवा खात फिरू?" ती वैतागायची. खरा उपाय सरळ होता. प्रत्येक मशीनला बाकीच्या दोघांचे पत्ते नीट भरून द्यायचे. मला कंटाळा आला. मी खेळाला सांगून टाकलं, सगळ्यांनाच हाक मार. म्हणजे घरोघरी जाऊन निरोप देण्याऐवजी चौकात उभं राहून बोंबलायचं. तिन्ही विमानं एकमेकांना झटक्यात दिसली आणि पैलवानाने माझी पाठ थोपटली. त्या हाका इमारतीतल्या प्रत्येक मशीनला ऐकत बसाव्या लागणार, हे मला ठाऊक होतं. सुट्टीत कोण मरायला काम करतंय, असं मी स्वतःला समजावलं.

बाई करत होत्या. जमिनीच्या चढउतारांचा हिशोब करणाऱ्या, हॉलमधल्या सगळ्यांत जुन्या. मशीनना मी पाखरांची नावं दिली होती, त्यांच्या मशीनला टिटवी. "एवढी ओरडते का रे मी?" असं त्यांनी हसून विचारलं होतं. त्या दुपारी टिटवी एका अख्ख्या खोऱ्याचा हिशोब मुख्य मशीनवर लिहून ठेवत होती. आमच्या विमानांच्या गलक्यात ते लिहिणं मध्येच अडकलं. जुनी फाइल पुसली गेली होती, नवी अर्धवट राहिली. कित्येक महिन्यांचं काम पाण्यात गेलं.

"सेव्ह केलं होतं ना, बाई?" साहेबांनी विचारलं.

"केलं होतं, असं वाटतं."

"वाटण्यावर नकाशे निघत नाहीत."

बाई खाली बघत म्हणाल्या, "वय झालं आता. माझंच चुकलं असेल."

मी दोन हात अंतरावर केबलचं टोक धरून उभा होतो आणि मूग गिळून गप्प राहिलो. साहेबांनी बाईंना घरी बसायला सांगितलं; कामावर ठेवायचं की नाही ते नंतर बघू म्हणाले. टिटवी काढून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. तिची तार मी माझ्या हाताने उपटली आणि मशीन कोठीत नेऊन ठेवलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

तरी दुसऱ्या दिवशी मी खेळायला बसलो. एकदम थांबलो तर कुणाला तरी शंका येईल, हे त्यामागचं कारण. माणूस किती खालच्या पातळीला जातो ते बघा. पत्ते मात्र आधी नीट भरले. तीन मशीन, तीन पत्ते, हाका बंद.

आकाशात चार विमानं होती.

"चौथा कुणाला घेतलास?" पैलवानाने विचारलं.

खेळ विमानाखाली मशीनचं नाव आपणहून लिहितो. चौथ्याखाली टिटवी लिहिलेलं होतं.

"असली चेष्टा बरी नाही," चष्मिस माझ्याकडे बघत म्हणाली.

मी उठून कोठीत गेलो. टिटवी ठेवली तिथेच होती, बंद, एकही वायर न जोडलेली. पडद्याच्या काचेला हात लावला. कोठीत उकडत होतं आणि काच इतकी गार होती की बोटं दुखली.

परत आलो तेव्हा ते विमान माझ्या पंखाशेजारी आलेलं होतं. पैलवानाने त्याच्यावर गोळ्या झाडून पाहिल्या, त्या आरपार गेल्या. ते कुणाच्याच वाटेला जात नव्हतं. चाकं खाली सोडलेली, चाल डुगडुगती, नवशिक्याच्या हातात असावी तशी. मी वळलो की ते वळायचं. मी खाली गेलो की तेही खाली यायचं.

बाकीची दोघं खेळ तसाच सोडून चहा आणायला उठली. खेळात एकमेकांना निरोप लिहायला एक ओळ असते. तोंडातून जे निघत नव्हतं ते बोटांतून निघालं. मी लिहिलं, "बाई, तुमचं काही चुकलं नाही. माझ्या खेळामुळे फाइल गेली. मला माफ करा."

विमान जरासं जवळ सरकलं.

मग माझ्या लक्षात आलं. निरोप पत्त्यावर जातो. चौथ्याला पत्ताच नव्हता. ज्यांचे पत्ते मी सकाळी इतके निगुतीने भरले होते, त्या दोघांना तो गेला होता.

मी मान वळवली. पैलवान कप हातात घेऊन आपल्या पडद्यासमोर उभा होता. चष्मिस तडक गेली आणि साहेबांना घेऊन आली.

साहेब ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "आत्ताच्या आत्ता बाईंच्या घरी जा. हात जोड, काय वाटेल ते कर. त्यांना घेऊन ये."

बाईंच्या यजमानांनी दार उघडलं आणि ते परत टेबलाशी वर्तमानपत्र घेऊन बसले. खोलीत ऊन होतं, खिडक्या घट्ट लावलेल्या. बाई त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचे ओठ फुटले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि केस सगळे मागे गेलेले होते, जोराच्या वाऱ्यातून आल्यासारखे.

मी बोलायला लागलो, तर त्यांनी मान हलवली.

"वाचलं मी. परत कशाला सांगतोस?"

"कुठे वाचलंत, बाई?"

त्यांनी पदराने डोळे पुसले. माझी मान वर होईना.

"साहेबांनी बोलावलंय," मी म्हणालो. "तुमची जागा तशीच आहे. चला ना माझ्याबरोबर."

"येईन की. तुझ्यावर राग नाही रे माझा. आधी मला खाली उतरू दे."

तिघांच्या त्या आकाशात मी धावपट्टी ठेवलीच नव्हती. खेळ हलका व्हावा म्हणून काढून टाकली होती. कंटाळा आला की आम्ही बटण दाबायचो आणि संपलं. हे त्यांना सांगायला माझी जीभ रेटेना.

"कसं उतरायचं ते सांग ना," बाई म्हणाल्या. "मघापासून तुझ्याच मागे मागे येतेय."

त्यांनी खांदे हळूच डावीकडे झुकवले. टेबलावरच्या पेल्यातलं पाणी एका कडेला चढलं आणि तसंच तिरकं राहिलं.

यजमानांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता हात पुढे केला आणि पेला घसरू नये म्हणून धरून ठेवला.